मंदीतील घरखर्च, नागपुरातील

मिळकत घटते किंवा अचानक थांबते तेव्हा नागपूर शहर व परिसरातील सामान्य कुटुंबे खर्च, बचत, कर्ज, मालमत्ता आणि घरातील श्रम यांची जी फेरमांडणी करतात, तिचा आढावा या नोंदीत घेतला आहे. देशाचे उत्पादन सलग दोन तिमाह्यांत घटले की अर्थव्यवस्था मंदीत गेली असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्या निकषाने २०२०-२१ च्या पहिल्या तिमाहीत सुमारे २४ टक्के आणि दुसऱ्या तिमाहीत सुमारे ७ टक्के घट झाल्यावर भारत मंदीत गेला. कुटुंबाला मात्र मंदी कळते ती हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत ओव्हरटाइम बंद होतो तेव्हा, ठेकेदाराची माणसे कमी केली जातात तेव्हा, किंवा सकाळी ठिय्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला आठवड्यात सहाऐवजी दोनच दिवस रोजी मिळते तेव्हा. देशाचे आकडे वाढत असतानाही एखाद्या वस्तीत मंदी असू शकते, आणि नागपुरात ती अनेकदा तशीच आली आहे.

शहरातील मिळकतीचे स्वरूप

जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि पुढील शंभर वर्षे शहरातील हजारो घरांची चूल तिच्या पगारावर पेटली. आजारी पडलेली ही गिरणी १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर पुढे व्यापारी संकुल उभे राहिले. मॉडेल मिलही टिकली नाही. हातमागावर लुगडी विणणाऱ्या कोष्टी व मोमीन विणकरांचा धंदा त्याआधीच यंत्रमागापुढे खचत गेला होता. त्यामुळे पूर्व व मध्य नागपुरातील अनेक घरांच्या दृष्टीने मंदी हा येऊन जाणारा काळ नव्हता. माग किंवा गिरणी गेली ती परत आली नाही, आणि त्या घरांतील पुरुष ऑटोरिक्षा, चौकीदारी, बांधकाम, पानठेला अशा कामांत विखुरले.

याच्या उलट बाजूला सरकारी नागपूर आहे. आधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची आणि नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी राहिलेल्या या शहरात सरकारी कचेऱ्या, रेल्वे, वेस्टर्न कोलफिल्ड्स व मॉईल या कोळसा आणि मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपन्या, बँका आणि राज्य शासनाची कार्यालये यांचे पगारदार व निवृत्तिवेतनधारक मोठ्या संख्येने राहतात. एका आजोबांच्या पेन्शनवर मुलाचे बंद पडलेले दुकान, नातवाची फी आणि कधी माहेरी आलेली लेक असा सगळा भार पेलणारी घरे येथे नवी नाहीत. मात्र पेन्शन या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. सरकारी निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढते, तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. गिरणी वा खाजगी कारखान्यातून निवृत्त झालेल्या अनेकांच्या वाट्याला या दुसऱ्या योजनेतील तुटपुंजी रक्कम येते.

मंदीत कोणते घर तग धरते हे एकूण उत्पन्नावरून सांगता येत नाही. पैसा किती वेगवेगळ्या वाटांनी घरात येतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते. दोन्ही मुलगे बुटीबोरीच्या एकाच वसाहतीत कामाला असलेले, वरवर सुस्थितीतील घर एका ऑर्डरच्या तुटवड्याने कोसळू शकते. एक जण रोजीवर, एकीची शिलाई, एक खोली भाड्याने आणि गावाकडून येणारे चार पोती तांदूळ अशी मिळकत असलेले घर गरीब असूनही अधिक काळ उभे राहते. भंडारा, गोंदिया, वर्धा, उमरेड, काटोल या भागांशी असलेले नाते म्हणूनच केवळ भावनिक नसते. पण तो आधार शेतीच्या भावाबरोबर हलतो. कापूस व सोयाबीनचे भाव पडले की गावाकडून धान्य येण्याऐवजी मदतीची मागणी येते, आणि त्या वर्षी सीताबर्डीच्या दिवाळीच्या बाजारातही गिऱ्हाईक आखडते.

किराणा आणि ताट

घरखर्चावरील ताण मोजण्याचे सर्वांत विश्वासार्ह माप म्हणजे किराणा किती दिवसांचा भरला जातो. सुस्थितीतील घर उन्हाळ्यात वर्षाचे गहू, तांदूळ, तुरीची डाळ आणि लाल मिरच्या भरते. त्याच दिवसांत कुरडया, पापड, मूगवड्या, सांडगे यांचे वाळवण गच्चीवर पडते. हात आखडला की वर्षाची भरणी महिन्यावर येते, मग आठवड्याची होते, आणि शेवटी रोजच्या रोजीतून पाव किलो डाळ व पाच-दहा रुपयांची तेलाची पिशवी आणली जाते. या प्रत्येक पायरीवर किलोमागे पडणारा भाव चढत जातो. घाऊक बाजारात जाऊन पोते घेण्याइतकी रक्कम हाती नसल्यामुळेच गरीब घर तीच डाळ महाग घेते, आणि हा तोटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत वेगळा लिहिला जात नाही.

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले की, उत्पन्न जितके कमी तितका खर्चातील अन्नाचा वाटा मोठा असतो. २०२२-२३ च्या राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीत हा वाटा शहरी भागात सुमारे ३९ टक्के व ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के होता. त्यामुळे कपात अन्नावर येणे अटळ असते. मात्र ती भूक म्हणून नव्हे, तर पालट म्हणून सुरू होते. रविवारचे मटण आधी महिन्यावर आणि मग सणावर जाते, त्याची जागा अंडी किंवा पाटवडी-रस्सा घेतो. वरण पातळ होते. भाजीऐवजी चून-भाकर, ठेचा, कण्या, अंबाडीची भाजी असे स्वस्त पण पोट भरणारे पदार्थ पुन्हा ताटात येतात. पूर्वी रोजचे असलेले हे पदार्थ हल्ली हॉटेलांत ‘वऱ्हाडी थाळी’ म्हणून चांगल्या भावाने विकले जातात, हा भाग वेगळा. संध्याकाळी बाजार उठताना भाजीवाले उरलेला माल ढिगाने काढून टाकतात, तेव्हा जाण्याची सवयही अशा दिवसांतच लागते. दुधाचे प्रमाण कमी होते, फळे आजारपणापुरती उरतात, आणि घरातील बाई शेवटी जेवत असल्याने सर्वांत मोठी कपात तिच्या ताटात पडते. खर्ऱ्यावरचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणावरचा, खर्च मात्र सहसा कमी होत नाही. घरातील भांडणांचे ते एक ठरलेले कारण आहे.

उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या शहरात विजेचे बिल ही दुसरी मोठी बाब ठरते. कूलर दिवसा बंद ठेवून फक्त रात्री लावणे, सगळ्यांनी एकाच खोलीत झोपणे, वाळ्याच्या ताट्या न बदलता आणखी एक वर्ष चालवणे हे उपाय सर्रास दिसतात. पैशाच्या दृष्टीने ते प्रभावी असतात, पण घरातील वृद्धांना त्यांची किंमत प्रकृतीने मोजावी लागते.

लौकिक आणि कपातीचा क्रम

कपातीचा क्रम गणिताने ठरत नाही. केवळ रकमेचा विचार केला, तर लग्नातील आहेर, मुलांची खाजगी शाळा आणि दुचाकीचा हप्ता या बाबी दूध-डाळीच्या आधी कमी व्हायला हव्यात. प्रत्यक्षात शेजारी-पाजारी व सोयऱ्यांना दिसणारा खर्च सर्वांत उशिरा कमी होतो आणि चार भिंतींच्या आतला खर्च सर्वांत आधी. याला केवळ खोटी प्रतिष्ठा म्हणून हिणवणे बरोबर नाही. ज्या घराची पत शाबूत दिसते त्यालाच किराणावाला उधारी देतो, भिशीत जागा मिळते आणि मुलीचे स्थळ टिकते. म्हणजे लौकिकही एक मालमत्ताच असते आणि ती राखण्यासाठी घर पोटाला चिमटा घेते. शाळा बदलण्याचा निर्णय याच कारणाने लांबतो. मूल महापालिकेच्या शाळेत घातले की घराची अवस्था वस्तीला कळते, म्हणून आधी शिकवणी बंद होते, मग शाळेची बस, आणि फी थकल्यावरच शाळा.

सार्वजनिक पातळीवर हाच संकोच नाहीसा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या काळ्या व पिवळ्या मारबत या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, जिची परंपरा एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जाते, महागाई आणि बेरोजगारीचे बडगे, म्हणजे उपहासाचे पुतळे, दरवर्षी निघतात. हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवनाकडे जाणाऱ्या मोर्च्यांत थकलेल्या पगाराची आणि तुटपुंज्या मानधनाची गाऱ्हाणी उघडपणे मांडली जातात. घरात जे झाकले जाते ते रस्त्यावर घोषणेच्या रूपाने बोलले जाते.

उधारी, सोने आणि प्लॉट

पैसा उभा करण्याची पहिली जागा म्हणजे बिनव्याजी हातउसने आणि किराण्याची वही. त्यानंतर महिलांची भिशी व बचत गट यांचा आधार घेतला जातो. भिशीचा मोठा दोष असा की, ती एकाच वस्तीतील, बहुधा एकाच प्रकारच्या मिळकतीच्या लोकांची असते. एका कुटुंबाच्या आजारपणात ती उपयोगी पडते, पण सर्वांचीच रोजी एकदम बुडते तेव्हा हप्ते थांबतात आणि भिशी मोडते. पतसंस्थांतील दैनंदिन ठेव हाही छोट्या दुकानदारांचा जुना आधार आहे. तिच्या सुरक्षिततेबाबत सावध राहायला हवे, कारण बँकेतील ठेवीला मिळणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थेतील ठेवीला लागू नसते.

सोन्याच्या बाबतीत गहाण टाकणे आणि मोडणे यांत कुटुंबे काटेकोर फरक करतात. गहाण टाकलेला दागिना घरचाच राहतो असे मानले जाते, मोडलेला गेला. आधी नाणी व अंगठ्या, मग बांगड्या आणि पोत, मंगळसूत्र सर्वांत शेवटी, असा क्रम इतवारीच्या सराफ्यात कोणीही सांगेल. ऑगस्ट २०२० मध्ये सोने दहा ग्रॅमला ५० हजार रुपयांच्या वर गेले होते आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा ३१ मार्च २०२१ पर्यंत दिली. एरवी ही मर्यादा ७५ टक्के होती. त्यामुळे त्या मंदीत सोने असलेल्या घरांना नेहमीपेक्षा अधिक रक्कम उभी करता आली. सोने नसलेल्यांसाठी उरतो तो सावकार. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकाराच्या व्याजावर मर्यादा आहे, परंतु बेकायदा सावकारीत महिन्याला शेकडा दहा असा दर ऐकू येतो, म्हणजे वर्षाला १२० टक्के. रोजच्या धंद्यासाठी सकाळी घेऊन संध्याकाळी फेडण्याची रक्कम त्यातून निभते. घर चालवण्यासाठी घेतलेली निभत नाही.

नागपुरी मध्यमवर्गाची खरी ओढ प्लॉटकडे आहे. शहराच्या कडेने पसरलेल्या ले-आउटमध्ये हप्त्यांनी प्लॉट घेऊन ठेवणे ही पिढ्यांची बचतपद्धती असली, तरी मंदीत ती फारशी उपयोगी पडत नाही. अशा काळात विकणारे अनेक आणि घेणारे थोडे असतात; त्यातच नागपूर सुधार प्रन्यासचे नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे ‘आर.एल.’, नसेल तर बँक त्यावर कर्ज देण्यास नाखूश असते आणि गिऱ्हाईक भाव पाडून मागते. अडचणीत हाताशी येईल अशी थोडी रोकड किंवा ठेव न ठेवता सर्व बचत जमिनीत अडकवणे, हा या शहरातील घरखर्चाचा ठळक कच्चा दुवा आहे.

घरातील श्रम

पैसा आटतो तेव्हा त्याची जागा श्रम घेतात, आणि ते बहुतांशी बायकांचे असतात. दळण, पापड, शिवण घरीच होऊ लागते. सुपारी कातरणे, पिको-फॉल, डबे पोचवणे, मेसचा स्वयंपाक अशी कामे बाहेरून घरात येतात. मध्यमवर्गीय घर धुण्या-भांड्याची बाई बंद करते आणि वाचलेली रक्कम काटकसर म्हणून मोजते. त्या बाईच्या घरी मात्र तीच मंदी असते. एकाने वाचवलेला रुपया दुसऱ्याची बुडालेली मिळकत ठरतो, हा अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला काटकसरीचा विरोधाभास नागपुरात धरमपेठ आणि तिच्या शेजारच्या झोपडपट्टीतील अंतरात पाहायला मिळतो. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, पण त्याचा लाभ नोंदणी झालेल्यांनाच मिळतो. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने नोंदणीकृत घरकामगार, बांधकाम मजूर, फेरीवाले व परवानाधारक ऑटोचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, तेव्हा नोंदणीचे महत्त्व अनेकांना पहिल्यांदाच कळले.

शासकीय आधार

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळते. एप्रिल ते नोव्हेंबर २०२० आणि मे २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात माणशी आणखी ५ किलो धान्य मोफत देण्यात आले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना मिळू लागली. आजारपणात मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालये शहरालाच नव्हे तर सबंध पूर्व विदर्भाला आधार देतात. मिळकत गेलेल्या घराला कर्जात बुडवणारी सर्वांत मोठी एकच गोष्ट खाजगी दवाखान्याचे बिल असल्याने हा आधार धान्याइतकाच मोलाचा आहे. कर्जाच्या हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिन्यांची स्थगिती मिळाली होती, पण त्या काळात व्याज चालूच होते आणि हप्ते माफ झाले असा समज करून घेतलेल्यांची मुदत नंतर वाढली. रोजगार हमीची कामे ग्रामीण भागापुरतीच असल्यामुळे शहरी मजुराला तसा हक्काचा पर्याय नाही. म्हणून काम तुटले की काही जण कुही, रामटेक किंवा थेट छत्तीसगडातील गावी परततात.

मंदी ओसरताना

मिळकत पूर्ववत झाली तरी घरखर्च लगेच पूर्ववत होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे ठेवी-गुंतवणुकीतून नवी कर्जे वजा जाता उरणारी रक्कम, २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती, ती २०२२-२३ मध्ये सुमारे ५ टक्क्यांवर आली. पहिला आकडा भीतीने व बंद बाजारांमुळे साठलेल्या पैशाचा होता, आणि दुसऱ्यात वाढत्या कर्जांचाही मोठा वाटा होता. घराच्या पातळीवर आधी किराण्याची वही मिटते, मग हातउसने, मग सराफाकडील दागिना सुटतो. तोवर कपडे, भांडी, घराची रंगरंगोटी यांवर खर्च होत नाही. काही गोष्टी परत येतच नाहीत: अकरावीला शिक्षण सोडून दुकानात लागलेला मुलगा किंवा घरकामात अडकलेली मुलगी क्वचितच पुन्हा कॉलेजात जाते. कारखान्यात दुसरी पाळी सुरू झाल्यानंतरही इतवारीच्या कापड आणि भांड्यांच्या दुकानांत गिऱ्हाईक परतायला एखादा लग्नसराईचा हंगाम तरी जावा लागतो.