अलौकिक श्रद्धा आणि मेंदू

भुतेखेते, परचित्तज्ञान, मृतांशी संपर्क किंवा भविष्यसूचक संकेत यांवर विश्वास ठेवण्याचा कल आणि मेंदूच्या कार्यातील व्यक्तिगत भेद यांचा परस्परसंबंध हा मेंदूविज्ञानातील अभ्यासविषय आहे. मेंदूत श्रद्धेचे स्वतंत्र केंद्र सापडलेले नाही. आढळणारे भेद सर्वांमध्येच असलेल्या प्रक्रियांच्या कमीअधिक प्रभावाचे असल्याने अशा श्रद्धेला मेंदूतील बिघाड म्हणणे अन्यायाचे ठरते.

असंबद्ध गोष्टींत अर्थपूर्ण संबंध दिसणे, ज्याला क्लाउस कोनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १९५८ मध्ये अ‍ॅपोफेनिया असे नाव दिले, ही यांतील मूळ प्रक्रिया होय. डोपामिन या मेंदूपेशींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या चेतारसायनाचा तिच्याशी संबंध असावा, असे मानले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात श्रद्धाळू आणि संशयवादी व्यक्तींना क्षणभरच झळकणारे चेहरे व शब्द विस्कळीत आकृत्यांमधून ओळखायला सांगितले होते. डोपामिन वाढवणारे लेव्होडोपा हे औषध घेतल्यावर संशयवाद्यांची अचूकता घटली, श्रद्धाळूंची मात्र घटली नाही. फिनलंडमधील एका अभ्यासात, चित्रांमध्ये शुभाशुभ संकेत शोधण्याचा मोह होईल अशा प्रसंगी, संशयवाद्यांच्या ललाटखंडाचा (मेंदूच्या कपाळामागील भागाचा) उजवा खालचा भाग अधिक सक्रिय झाला. हा भाग उत्स्फूर्त प्रतिसादांना आवर घालतो. त्यावरून असे म्हणता येते की संकेत सुचणे सार्वत्रिक असावे आणि फरक बहुधा ते बाजूला सारण्यात असावा.

श्रद्धेला खतपाणी घालणारे अनुभवही मेंदूत उद्भवू शकतात. अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी चालू असताना २२ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, शंखखंड (कानाजवळचा भाग) व पार्श्वखंड (त्याच्या वरचा, मागच्या बाजूचा भाग) जुळतात त्या जागी, सौम्य विद्युत्‌प्रवाह दिला असता तिला आपल्यामागे कोणीतरी असल्याचे जाणवले. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली, तेव्हा त्या आकृतीनेही बसून आपल्याला कवेत घेतल्याचे तिने सांगितले. म्हणजे स्वतःच्याच शरीराची जाणीव तिला परकी व्यक्ती म्हणून भासत होती. मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले हे निरीक्षण एकाच रुग्णाचे असले, तरी अदृश्य सोबत्याच्या भासाचा इतका स्पष्ट उलगडा क्वचितच मिळतो.

मेंदूतील भेदामुळे श्रद्धा निर्माण होते की दीर्घकाळ जोपासलेली श्रद्धाच मेंदूला वळण लावते, हे केवळ सहसंबंधांवरून ठरत नाही. अपेक्षेचा प्रभावही मोठा असतो. मेंदूशास्त्रज्ञ मायकेल पर्सिंजर यांनी क्षीण चुंबकीय क्षेत्राच्या शिरस्त्राणाने अदृश्य सोबत्याच्या भासासारखे अनुभव निर्माण केल्याचा दावा केला होता. परंतु स्वीडनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अंध चाचणीत (क्षेत्र खरोखर चालू आहे की नाही हे सहभागी व प्रयोगकर्ते दोघांनाही माहीत नसलेल्या) चुंबकीय क्षेत्राचा परिणाम आढळला नाही आणि अनुभव येणे न येणे हे सहभागींच्या सूचनशीलतेशी (सूचनांच्या प्रभावाखाली येण्याच्या कलाशी) निगडित असल्याचे दिसले.