देवनी मोरी उत्खनन

गुजरातमध्ये शामळाजीजवळ मेश्वो नदीकाठी असलेल्या बौद्ध स्तूप-विहाराचे उत्खनन. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने र. ना. मेहता व एस. एन. चौधरी यांच्या देखरेखीखाली १९६० ते १९६३ या काळात ते केले. मेश्वोवरील धरणाच्या जलाशयात ही जागा जाणार होती आणि पुढे ती गेलीही. त्यामुळे पुन्हा जाऊन पडताळण्याची सोय नाही. तेव्हाच्या नोंदी, आराखडे व वस्तू हाच आता पुरावा आहे.

स्तूप भाजक्या विटांचा. अशा टेकाडात विटांचा ढिगारा आणि जागच्या जागी उभे बांधकाम वेगळे ओळखणे हे पहिले काम. थर सपाट, सांधे मातीने भरलेले आणि विटांची मापे एकसारखी असतील, तरच ती भिंत धरायची. भिंतीला लागून चर खणत जाण्याचा मोह टाळावा लागतो; तसे केल्यास जमिनीचा थर भिंतीला कुठे भिडतो तोच पुरावा कापला जातो. चर भिंतीला काटकोनात घ्यावा आणि दोन चरांमध्ये न खणलेली आडभिंत ठेवावी. तिच्या उभ्या छेदात थर दिसतात. ऊन लागून छेद सुकला की रंगांतला फरक हरवतो, म्हणून पाणी शिंपडून, करणीने खरवडून लगेच रेखाटन करतात. विटा चोरण्यासाठी खणलेला जुना खड्डा वेळीच ओळखला नाही, तर वरची खापरे खालच्या थरातली म्हणून नोंदली जातात.

ही काटेकोर नोंद किती महत्त्वाची आहे, ते येथील कालनिर्णयावरून कळते. स्तूपाच्या गाभ्यात सापडलेल्या दगडी धातुकरंडकावर (पवित्र अवशेष ठेवण्याच्या डबीवर) रुद्रसेन राजाच्या काळातील, ‘कथिक’ राजांचे १२७ वे वर्ष कोरलेले आहे. अग्निवर्मा व सुदर्शन या भिक्षूंनी हा महास्तूप उभारल्याचे त्यात म्हटले आहे. हे वर्ष शक संवताचे (आरंभ इ. स. ७८) मानले तर इ. स. २०५ येते, २४८-४९ मध्ये सुरू झालेला संवत धरला तर सुमारे ३७६. दोन्ही काळांत रुद्रसेन नावाचे, पश्चिम भारतातील क्षत्रप घराण्याचे राजे होऊन गेले, म्हणून नुसत्या नावावरून निकाल लागत नाही. स्तूपात मिळालेल्या क्षत्रप नाण्यांत मात्र तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या विश्वसेनाचे नाणे आहे. ते बांधतानाच गाभ्यात ठेवले गेले असेल, तर २०५ हे साल टिकत नाही; नंतरच्या खड्ड्यातून आत गेले असेल, तर टिकू शकते. म्हणजे सारी भिस्त त्या नाण्याच्या जागेच्या नोंदीवर. गांधार शैलीची (वायव्येकडील बौद्ध शिल्पशैलीची) छाप असलेल्या येथील मृण्मय, म्हणजे मातीच्या, बुद्धमूर्ती गुप्तकाळाच्या किती आधीच्या, हा प्रश्नही याच तारखेशी जोडलेला आहे. म्हणून हा वाद केवळ आकड्यांचा नाही.

ओलसर मृण्मय मूर्ती उन्हात ठेवल्या तर तडकतात, क्षार वर येऊन पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. त्या सावलीत सावकाश सुकवून, मातीचा लेप मऊ कुंचल्याने काढतात. डोळे-केसांसारख्या बारीक भागांवर पाणी वापरत नाहीत.