चार गॉब्लिन आणि एकच फासा

मागच्या रविवारी नागपूरला धरमपेठेत बहिणीकडे गेलो होतो. बाहेर मे महिन्याचं ऊन, खिडकीत कूलर घरघरतोय आणि हॉलमध्ये सतरंजीवर नकाशा पसरून पाच पोरं डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्टीतली पात्रं होऊन फाशांनी लढायचा खेळ खेळत बसलेली. भाचीचं पात्र विझार्ड, म्हणजे जादूगार, पहिल्या लेव्हलची, जेमतेम ८ हिट पॉइंट (अंगातला जीव; तो संपला की पात्र आडवं). झाडीतून चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, निघाले आणि डंजन मास्टर (गोष्ट सांगणारा, राक्षसांच्या वतीने खेळणारा) झालेला मुलगा म्हणाला, "इनिशिएटिव्ह टाका." भाचीच्या वीस बाजूंच्या फाशावर ९ आले. त्याने गॉब्लिनांसाठी टाकले, १४. चौघांनीही तिच्या आधी बाण सोडले. दोन लागले, एक ६ चा, एक ५ चा. स्वतःची एकही पाळी न येता विझार्ड आडवी.

"मामा, हा फासाच पनवती आहे," ती रडवेली होऊन म्हणाली. बाजूचा मित्र लगेच, "अबे, बदलून टाक ना मग! माझा घे, सकाळपासून गरम आहे."

मी मात्र तिथेच एक आलेखवही मागून घेतली.

लपाछपीत राज्य कुणावर, हे ठरवायला आपण चकून घ्यायचो. इनिशिएटिव्ह त्याच जातीचं. लढाई सुरू झाली की प्रत्येकजण वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात पात्राच्या चपळाईचा आकडा मिळवतो आणि मोठ्या बेरजेपासून लहान बेरजेपर्यंत पाळ्या लागतात. तो क्रम लढाई संपेपर्यंत गोल फिरत राहतो. एक फेरी म्हणजे कथेतले साधारण ६ सेकंद. गायगॅक्स आणि अर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. त्याच्या जुन्या नियमांत अख्ख्या बाजूसाठी सहा बाजूंचा एकच फासा टाकत. प्रत्येकाने वेगळा वीस बाजूंचा फासा टाकायची पद्धत २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत पक्की झाली.

पण एक गोष्ट आजच्या नियमांतही एकगठ्ठा राहिली आहे: एकसारख्या राक्षसांच्या टोळीसाठी डंजन मास्टर एकदाच फासा टाकतो. त्याचा वेळ वाचतो, वही सुटसुटीत राहते. भाचीचा घात झाला तो इथे.

वहीवर वीस बाय वीसचा चौकोन आखला. आडव्या ओळीत भाचीचा फासा, उभ्या ओळीत गॉब्लिनांचा. एकूण ४०० घरं. चपळाईचा आकडा दोघांचाही अधिक २, म्हणून तो सोडून दिला. कर्णावरच्या २० घरांत बरोबरी. उरली ३८०, त्यातली निम्मी, म्हणजे १९०, गॉब्लिनांची. १९० भागिले ४००, म्हणजे ४७.५ टक्के. एकच फासा टाकायचा असेल तर जवळपास निम्म्या लढायांत चारही गॉब्लिन विझार्डच्या आधी खेळणार.

आता चौघांचे चार फासे वेगळे टाकले तर? पोरांतला एक हुशार मुलगा चटकन म्हणाला, "०.४७५ चा चौथा घात. ५ टक्के." चूक, पण फार सुंदर चूक आहे ही. चार फासे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत हे खरं. पण चौघांची तुलना होते ती भाचीच्या एकाच आकड्याशी. तिला १ पडला तर चौघेही पुढे जाण्याची शक्यता ८१ टक्के. ९ पडले तर प्रत्येक गॉब्लिनला वीसपैकी ११ आकडे सोयीचे, म्हणून ०.५५ चा चौथा घात, सुमारे ९ टक्के. २० पडले तर शून्य. अशा वीसही शक्यता काढायच्या आणि त्यांची सरासरी घ्यायची. म्हणजेच ० ते १९ या आकड्यांच्या चौथ्या घातांची बेरीज, ५,६२,६६६, तिला २० च्या पाचव्या घाताने, ३२ लाखांनी, भागायचं. उत्तर १७.६ टक्के.

४७.५ कुठे आणि १७.६ कुठे!

गंमत अशी की सरासरी जराही हललेली नाही. विझार्डच्या आधी सरासरी किती गॉब्लिन खेळतात, तर दोन्ही पद्धतींत ४ गुणिले ०.४७५, म्हणजे १.९. बदलतो तो पसारा. लग्नाला चार मामा एकाच गाडीतून निघाले आणि गाडी वर्धा रोडवर अडकली, तर मंगलाष्टकांना एकही मामा नाही. चार गाड्यांतून निघाले तर एखाद-दुसरा तरी पोचतोच. एकच फासा म्हणजे ती एक गाडी. बरोबरी सोडली तर चारही आधी किंवा चारही नंतर, मधलं काही नाहीच. चार फासे असतील तर जवळपास ६५ टक्के लढायांत काही गॉब्लिन पुढे, काही मागे, एखाद्याशी बरोबरी.

हा पसारा पहिल्या फेरीतच जास्त जाचतो. पुढे पाळ्या गोल फिरतात, तेव्हा वर्तुळात पहिला कोण याला फारसा अर्थ राहत नाही. आधी खेळणाऱ्याचा फायदा फार तर एका पाळीचा. पण अंगात ८ च हिट पॉइंट असले आणि एका बाणाने सरासरी ५.५ जात असले, तर ती एक पाळी म्हणजेच सगळी लढाई.

राहिली पनवतीची गोष्ट. फाशाला आठवण नसते. आधीच्या तीन फेकी लहान पडल्या म्हणून चौथी मोठी पडत नाही, आणि सकाळपासून मोठे आकडे पडले म्हणून फासा "गरम" होत नाही. फासा खरंच एका बाजूला जड असू शकतो. तशी शंका असेल तर पाण्यात तो तरंगेल इतकं मीठ विरघळवा, फासा सोडा आणि पुन्हा पुन्हा टिचकी मारा. दर वेळी तीच बाजू वर आली तर खुशाल फेकून द्या. भाचीचा फासा आम्ही स्टीलच्या पातेल्यात तपासला. दर वेळी वेगळा आकडा वर आला. फुंकर मारणं, दुसऱ्याला हात लावू न देणं, शनिवारी अमुक रंगाचा फासा न काढणं, यातल्या कशानेही वहीवरची ती ४०० घरं हलत नाहीत, आणि हे मुलांना आत्ताच कळलेलं बरं.

चार वेगळे फासे टाकायला डंजन मास्टर तयार नव्हता, वहीत फार गर्दी होते म्हणे. मग दोन-दोनच्या जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला एक फासा. या हिशेबात चौघेही आधी येण्याची शक्यता ३१ टक्के. तीच लढाई पुन्हा मांडली. पहिली जोडी १७, विझार्ड १२, दुसरी जोडी ६. पहिल्या जोडीचा एक बाण चुकला, दुसऱ्याने ५ गेले. उरलेल्या ३ हिट पॉइंटवर भाचीने मागच्या जोडीवर स्लीपचा मंत्र टाकला. किती हिट पॉइंटचे शत्रू झोपतील हे ठरवणाऱ्या आठ बाजूंच्या पाच फाशांची बेरीज १९ आली आणि ७-७ हिट पॉइंटचे ते दोन गॉब्लिन धनुष्य हातात धरूनच झोपी गेले.