माणूस लहरी, म्हणून गणित चुकतं?

‘माणूस लहरी, त्याच्या निवडीचं गणित मांडता येत नाही,’ असं सर्रास ऐकू येतं. पण ‘अमुक माणूस हेच करेल’ असा दावा अर्थशास्त्रातली निवडीचं गणित मांडणारी पद्धत (‘डिस्क्रीट चॉइस’) करतच नाही. समोरच्या पर्यायांपैकी कुठला निवडला जाईल, याची ती शक्यता मोजते. लहर सूत्रातच धरलेली असते. सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९७०च्या दशकात बार्ट रेल्वे आली. त्याआधीच अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन (नोबेल, २०००) यांच्या गटाने याच पद्धतीने प्रवाशांचा वेळ, खर्च, गाडीची वाट पाहण्यातली मिनिटं यांवरून हिशेब मांडला: कामावर जाणारे ६.३ टक्के लोक बार्टने जातील. अधिकृत अंदाज १५ टक्के! प्रत्यक्षात निघाले ६.२. अर्थात, इतका अचूक नेम लागण्यात थोडं नशीबही होतं. काही चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं.