खारी हवा, छोटं रॉकेट आणि किनाऱ्याची दिशा

समुद्राकाठी घर असलेल्याला खारी हवा काय करते ते सांगावं लागत नाही. खिडकीच्या बिजागऱ्या, पत्र्याचे खिळे, स्कूटरचा सायलेन्सर, चार पावसाळ्यांत सगळं खाल्लं जातं. २४ मार्च २००६ रोजी प्रशांत महासागरातल्या ओमेलेक नावाच्या चिमुकल्या बेटावर याच खाऱ्या हवेने एक रॉकेट पाडलं. स्पेसएक्सचं फाल्कन-१. इंधनाच्या नळीवरचा अ‍ॅल्युमिनियमचा एक नट गंजून तडकला, केरोसीन गळलं, इंजिनाला आग लागली आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास रॉकेट खाली आलं. त्यावरचा उपग्रह अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतल्या विद्यार्थ्यांनी बनवला होता. तो उडून बेटावरच्याच वर्कशॉपच्या छपरातून आत पडला.

स्वस्तात उपग्रह वर नेण्याच्या खटपटीचा इतिहास मला या नटापासून सांगावासा वाटतो, कारण ही गोष्ट किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळते. पुढची दोन उड्डाणंही फसली. चौथं, २८ सप्टेंबर २००८ चं, साधलं. खासगी कंपनीने बांधलेलं, द्रव इंधनावर चालणारं आणि कक्षेत पोहोचलेलं ते पहिलं रॉकेट. पण एकूण पाच उड्डाणांनंतर, २००९ मध्ये, कंपनीने ते बंद केलं आणि मोठ्या रॉकेटकडे वळली.

छोटं रॉकेट एवढं अवघड का, ते आकड्यांत दिसतं. पृथ्वीभोवती टिकून राहायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग लागतो. रत्नागिरीहून मुंबईला रस्त्याने जेवढं अंतर, तेवढं साधारण पाऊण मिनिटात कापायचं. भारताचं पहिलं उपग्रहवाहक एसएलव्ही-३ होतं १७ टनांचं, आणि वर नेऊ शकत होतं ४० किलो. आजचं फाल्कन-९ साडेपाचशे टनांच्या आसपास आहे, पण ते जवळच्या कक्षेत २२ टन नेतं. म्हणजे वजन बत्तीसपट आणि माल साडेपाचशेपट. संगणक, दिशा सांभाळणारी यंत्रणा, रडार, सुरक्षेची माणसं हा खर्च रॉकेट लहान झालं म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. लहान होडीलाही तांडेल लागतोच.

आपल्याकडे ही वाट सुरू झाली तीही मच्छीमारांच्या गावातून. केरळातलं थुंबा पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताला लागून आहे आणि वरच्या वातावरणाच्या अभ्यासाला सोयीचं आहे, म्हणून विक्रम साराभाईंनी ते निवडलं. गावकऱ्यांनी आपलं चर्च आणि जागा दिली, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी नायके-अपाची हे अमेरिकी रॉकेट तिथून उडालं. ते वातावरणाचा अभ्यास करून खाली येणारं होतं, कक्षेत जाणारं नव्हतं. कक्षेसाठी पुढे पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोटा निवडलं गेलं. १० ऑगस्ट १९७९ ला एसएलव्ही-३ समुद्रात पडलं आणि १८ जुलै १९८० ला ३५ किलोची रोहिणी कक्षेत गेली. प्रकल्पाचे संचालक अब्दुल कलाम हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते रॉकेट पूर्णपणे घन इंधनावर चालत होतं, आणि ते इंधन देशात तयार करण्यात वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हे आपल्या शाळांतून अजून ठळकपणे सांगितलं पाहिजे. रॉकेटची कवचं बनवण्याचं काम वालचंदनगरच्या कारखान्याकडे आलं तेही याच काळात.

त्यानंतरच्या एएसएलव्ही या रॉकेटचे पहिले दोन प्रयत्न, १९८७ आणि १९८८ चे, फसले. मग पीएसएलव्ही हे मोठं रॉकेट आलं आणि भरवशाचं ठरलं. छोट्या उपग्रहांनाही त्यातच जागा मिळू लागली, पण ती मोठ्याच्या सोबतीने. एसटी सुटेल तेव्हा निघायचं आणि जिथे थांबेल तिथे उतरायचं. मुंबईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ हा दहा किलोचा उपग्रह २००७ मध्ये हाती घेतला. तो उडाला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. ज्यांनी सुरुवात केली त्यांचं शिक्षण कधीच संपलं होतं. हा सगळा उशीर काही जागेमुळेच झाला असं नाही, पण स्वतःची वेळ स्वतः ठरवता येणं किती मोलाचं आहे, ते अशा उदाहरणातून कळतं.

त्यासाठीच इस्रोने एसएसएलव्ही हे छोटं रॉकेट बांधलं. ३४ मीटर उंच, १२० टन, ५०० किलोपर्यंत माल. मोजक्या माणसांनी काही दिवसांत जोडून उडवावं, हे उद्दिष्ट. ७ ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या उड्डाणात दुसरा टप्पा (इंधन संपल्यावर गळून पडणारा रॉकेटचा भाग) सुटताना क्षणभर जोराचा कंप झाला. संगणकाने वेग मोजणारे संवेदक बिघडलेत असं धरलं आणि पर्यायी मार्गाने काम चालू ठेवलं. शेवटी वेग सेकंदाला केवळ ५६ मीटर कमी पडला. तेवढ्याने कक्षा एका बाजूला ७६ किलोमीटरपर्यंत खाली आली आणि उपग्रह वातावरणात शिरून गेले. त्यात शाळकरी मुलींनी तयार केलेला आझादीसॅटही होता. टप्पा सुटा करण्याची पद्धत बदलली गेली, आणि १० फेब्रुवारी २०२३ चं उड्डाण नीट पार पडलं.

आता आमच्या कोकणातल्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास येणारा प्रश्न: एवढा मोठा किनारा आपला, मग रॉकेट रत्नागिरीहून का नाही?

पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटला तिचा वेग फुकट मिळतो. तो श्रीहरिकोट्याला सेकंदाला सुमारे ४५० मीटर आहे आणि रत्नागिरीला ४४५. म्हणजे अक्षांशाने आपलं काहीच बिघडत नाही. बिघडतं दिशेने. आपल्या पूर्वेला सह्याद्री, मग कोल्हापूर, सांगली, विजापूर. रिकामे झालेले टप्पे टाकायचे कुठे? पश्चिमेला समुद्र मोकळा आहे, पण तिकडे सोडलं तर मिळणारे ४४५ मीटर उलटे भरून द्यावे लागतात. इस्रायलला पूर्वेकडे वाट नाही, म्हणून १९८८ पासून ते भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला सोडतात आणि तो तोटा सोसतात. राहिली दक्षिण, म्हणजे ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेची वाट. नकाशावर रत्नागिरीहून सरळ खाली बोट फिरवा: लक्षद्वीप आणि त्याखाली मालदीव, जवळपास त्याच रेखांशावर.

श्रीहरिकोट्यालाही दक्षिणेला श्रीलंका आडवी येते. पीएसएलव्ही वळसा घालून जातं. मोठ्याला तो वळसा झेपतो, छोट्याचा बराचसा माल त्यातच जातो. म्हणून तमिळनाडूच्या टोकाजवळ कुलसेकरपट्टणम निवडलं गेलं, जिथून सरळ दक्षिणेला फक्त पाणी आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथल्या तळाची पायाभरणी झाली.

आपल्याकडे तळ नाही याचं मला वाईट वाटत नाही. उड्डाणाच्या दिवशी समुद्राचा मोठा पट्टा होड्यांसाठी बंद ठेवावा लागतो. जपानमध्ये मच्छीमारांच्या हंगामामुळे रॉकेटं कधी सोडायची यावर अनेक वर्षं मर्यादा होती. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरात असे बंद दिवस कोणाला परवडले असते? आपला संबंध दुसऱ्या टोकाला आहे, उपग्रह वरून जे पाहतो त्याच्याशी. समुद्राचा रंग आणि तापमान पाहून मासळी कुठे मिळेल याची सूचना बंदरांवर येते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते येणार हे आधी कळलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर (उपग्रहामार्फत संदेश देणारं-घेणारं यंत्र) बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली ती पालघरमध्येच.

त्याच महिन्यात, १६ ऑगस्टला, एसएसएलव्हीचं तिसरं उड्डाण झालं. वर गेला १७५ किलोचा ईओएस-०८ हा उपग्रह. दिशादर्शक उपग्रहांचे संदेश पाण्यावर आपटून परत येतात ते टिपायचे आणि त्यावरून समुद्रावरचा वारा मोजायचा, असं एक उपकरण त्यात होतं. तीन दिवसांनी नारळी पौर्णिमा होती.