प्रथिनाचं पहिलं टोक

इन्शुलिन हे एक प्रथिन. त्याच्या एका रेणूत ५१ अमिनो आम्लं माळेतल्या मण्यांसारखी एकापुढे एक जोडलेली असतात. त्यात कोणती आम्लं किती आहेत, हे समजायला प्रथिन तीव्र आम्लात उकळलं की पुरे. पण उकळताना माळ तुटते, मणी विखुरतात आणि कोणाशेजारी कोण होतं याचा पुरावाच जातो. १९४०च्या दशकात तर प्रथिनांना असा ठरलेला क्रम असतो का, याचीच अनेकांना शंका होती.

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी गायीच्या इन्शुलिनचं टोक पकडलं. माळेत प्रत्येक मण्याचा अमिनो गट (त्याचा नायट्रोजन असलेला भाग) आधीच्या मण्याला जोडण्यात गुंतलेला असतो. पहिल्याचा मात्र मोकळा राहतो. फ्लुओरोडायनायट्रोबेंझिन हे रसायन त्या मोकळ्या गटाला घट्ट चिकटतं आणि पिवळा रंग देतं. नंतर प्रथिन उकळलं तरी ही खूण बहुतेक टिकते. (लायसिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या फांदीवरही मोकळा अमिनो गट असतो, म्हणून तो वेगळा ओळखावा लागतो.) १९४५ मध्ये सँगर यांना पिवळी टोकं दोन प्रकारची मिळाली, ग्लायसिन आणि फेनिलॲलानिन. म्हणजे माळ एक नव्हती. मण्यांना आडवे जोडणारे गंधकाचे पूल तोडल्यावर २१ आणि ३० मण्यांच्या दोन साखळ्या सुट्या झाल्या.

पुढचं काम चिकाटीचं होतं. साखळी पूर्ण न उकळता अर्धवट तोडायची, आणि मिळालेले दोन-चार मण्यांचे तुकडे कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने वेगळे करायचे. एका पिवळ्या तुकड्यात फेनिलॲलानिन-व्हॅलिन, दुसऱ्यात त्यापुढे ॲस्पार्टिक आम्ल, तिसऱ्यात आणखी पुढे ग्लुटामिक आम्ल. एकमेकांवर चढणारे तुकडे लावत गेलं की ओळ वाढत जाते. हान्स टुप्पी यांच्यासोबत मोठी साखळी १९५१ मध्ये पुरी झाली, टेड थॉम्पसन यांच्यासोबत धाकटी १९५३ मध्ये. १९५५ पर्यंत गंधकाच्या पुलांच्या जागाही ठरल्या. प्रथिनाला नेमका क्रम असतो, हे आता प्रयोगाने दिसत होतं. १९५८ मध्ये सँगर यांना नोबेल मिळालं. डुकराचं इन्शुलिन माणसाच्या इन्शुलिनपासून एकाच जागी वेगळं आहे आणि गायीचं तीन जागी, हे आपल्याला कळलं ते असे क्रम वाचूनच. मधुमेही रुग्णांनी कित्येक दशकं हीच दोन इन्शुलिनं घेतली.

सँगर यांच्या रीतीत एक अडचण होती. पहिला मणी ओळखायचा, तर उरलेली माळ मोडावी लागे. स्वीडनचे पेर एडमन यांनी १९५० मध्ये यावर काढलेली युक्ती मला रसायनशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. त्यांचं रसायन, फेनिलआयसोथायोसायनेट, सौम्य अल्कधर्मी द्रावणात पहिल्या मण्याला चिकटतं. मग पाण्याचा अंश नसलेलं आम्ल घातलं, की या रसायनातला गंधक मागे वळून लगतचाच बंध तोडतो. पहिला मणी वलय होऊन बाहेर पडतो. पाणीच नसल्यामुळे बाकीचे बंध शाबूत राहतात. सुटलेला मणी ओळखायचा. उरलेल्या माळेला नवं मोकळं टोक आलेलंच असतं, त्यावर पुन्हा तीच क्रिया.

पण हे अमर्याद चालत नाही. प्रत्येक फेरीत ९५ टक्के माळांचाच पहिला मणी सुटला, तर ५० फेऱ्यांनंतर बरोबर चाललेल्या माळा उरतात जेमतेम ८ टक्के. मागे पडलेल्या माळांचे मणी भलत्याच फेरीत बाहेर येतात आणि वाचन गढूळ होतं. ९८ टक्के साधले, तर मात्र ३६ टक्के उरतात. एडमन आणि जेफ्री बेग यांनी मेलबर्नमध्ये ही क्रिया आपोआप करणारं यंत्र बांधलं. १९६७ मध्ये त्यावर देवमाशाच्या मायोग्लोबिनचे पहिले ६० मणी वाचले गेले. त्याहून लांब प्रथिनं आधी ट्रिप्सिन या विकराने (एन्झाइमने) कापतात. ते लायसिन किंवा आर्जिनिननंतरच कापतं. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन कापतं ते मेथिओनिन या अमिनो आम्लापाशी. दोन्हींचे तुकडे वेगवेगळ्या जागी तुटलेले असल्याने ते एकमेकांवर चढवून क्रम लावता येतो, सँगर यांनी लावला तसाच.

आणि पहिल्याच मण्याचा अमिनो गट पेशीने ॲसिटिल गटाने झाकलेला असला, तर एडमन यांचं रसायन चिकटायला जागाच मिळत नाही. तेव्हा माळ मधूनच कापून नवं टोक मोकळं करावं लागतं.