सूत, इंच, मिलिमीटर : मापांच्या रकान्याची पार्श्वभूमी

हार्डवेअरच्या दुकानात एकाच यादीत आठ बाय चारचं, 19 मिलिमीटर जाडीचं प्लायवुड, तीन सुती सळई आणि अर्धा इंची जीआय पाइप मागितला जातो. दुकानदाराला त्यात काही अडचण वाटत नाही. हाच माल डेटाबेसमध्ये भरायला घेतला की अडचणी सुरू होतात.

ही सरमिसळ जुनी आहे. भारतात मापांच्या मेट्रिक पद्धतीचा कायदा 1956 साली झाला आणि ऑक्टोबर 1958पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण पाइपांचे आटे इंचाचेच राहिले आणि गवंडी-सुतारांच्या तोंडी फूट, इंच, सूत टिकले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर. कारखान्यातून 10 मिलिमीटरची म्हणून निघालेली सळई आजही ‘तीन सुती’ म्हणून विकली जाते. हिशेबाने तीन सूत होतात 9.525.

संगणकाकडे या भाषेसाठी जागाच नव्हती. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत, मांडलं, त्यावर एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा उभी राहिली आणि 1986 साली तिचं पहिलं मानक आलं. रकान्यात अक्षरं ठेवा नाहीतर आकडा. आकडा कशाचा, हे त्याला ठाऊक नाही. 1992च्या मानकाने तारीख, वेळ आणि कालावधी यांना स्वतःचे प्रकार दिले. दिवस, तास, मिनिटं भाषेला कळू लागली. लांबीला मात्र तसं काही मिळालं नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते, कारण पुढची सगळी ठिगळं तिच्यामुळेच लावावी लागली.

पहिलं ठिगळ म्हणजे माप मजकूर म्हणून लिहिणं. मग क्रम अक्षरांनुसार लागतो : ‘10 मिमी’, ‘12 मिमी’, ‘3 सूत’, ‘6 मिमी’. नुसता आकडा ठेवला तर तीन सूत सहा मिलिमीटरच्या आधी येतं.

टिकलेला उपाय असा : लिहिलेलं माप आणि एकक जसंच्या तसं ठेवायचं आणि शेजारच्या रकान्यात मिलिमीटरमधला आकडा क्रम लावण्यासाठी ठेवायचा. याला आधार आहे 1959च्या कराराचा. तोवर अमेरिकेचा आणि ब्रिटनचा इंच किंचित वेगळा होता. त्या वर्षी इंच नेमका 25.4 मिलिमीटर ठरला. त्यामुळे इंचाचा 64वा भागही 0.396875 असा पूर्ण उतरतो. हा रकाना दशांश प्रकारचाच हवा. फ्लोट या अंदाजे आकडा ठेवणाऱ्या प्रकारात असा नेमकेपणा दरवेळी राहत नाही.

मूळ माप का पुसायचं नाही, हे पाइपवरून कळतं. अर्धा इंची जीआय पाइपचा बाहेरचा व्यास 21.3 मिलिमीटर असतो आणि मेट्रिकमध्ये त्याला 15 मिलिमीटरचा म्हणतात. पूर्वी अर्धा इंच हे आतल्या पोकळीचं माप होतं. पुढे पाइपाची जाडी बदलली, पण आटे जुळावेत म्हणून बाहेरचा व्यास तोच ठेवला आणि ‘अर्धा इंच’ हे नुसतं नाव उरलं. त्याचं 12.7 करून ठेवलं, तर त्या आकड्याशी पाइपाचं आतलं किंवा बाहेरचं कुठलंच माप जुळेलच असं नाही.